तांब्याच्या तारेवरचे लिनक्स : डायल-अप जोडणीतील बिघाड आणि त्यांचा शोध

दूरध्वनीच्या तारेवरून मोडेमच्या साहाय्याने इंटरनेटशी जोडणी करण्याची डायल-अप पद्धत भारतात साधारणपणे १९९५ ते २००५ या दशकात सर्वसामान्यांच्या वापरात होती, आणि लिनक्स ही मुक्तस्रोत संगणकप्रणाली भारतीय संगणकांवर रुजू लागण्याचा काळही नेमका हाच होता. त्यामुळे प्रयोगशाळेबाहेर, स्वतःच्या पैशाने घेतलेल्या संगणकावर ज्यांनी प्रथम लिनक्स चढवले, त्यांच्यापुढे बहुधा पहिली अडचण मोडेमचीच उभी राहिली. ‘लिनक्सवर इंटरनेट चालत नाही’ असा एकच सरसकट शेरा त्या काळी ऐकू येत असे. प्रत्यक्षात त्याखाली निदान पाच-सहा वेगवेगळ्या प्रकारचे बिघाड एकत्र बांधले गेले होते आणि त्यांची कारणे, त्यांची लक्षणे आणि त्यांचे उपाय एकमेकांहून अगदी भिन्न होते. प्रस्तुत लेखात या बिघाडांचा आढावा मुख्यतः बंगळुरू शहराच्या संदर्भात घेतला आहे.

बंगळुरूची निवड करण्यास सबळ कारणे आहेत. १९४८ साली स्थापन झालेल्या इंडियन टेलिफोन इंडस्ट्रीज या सरकारी कंपनीमुळे दूरध्वनीची यंत्रे आणि टेलिफोन एक्स्चेंजची सामग्री तयार करण्याचा उद्योग या शहरात स्वातंत्र्यानंतर लगेचच उभा राहिला. १९८४ साली स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेचे काम दिल्लीबरोबर बंगळुरूतही चालले, आणि तिने बनवलेले ग्रामीण भागासाठीचे पहिले १२८ जोडण्यांचे डिजिटल एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकातच, बेळगाव जिल्ह्यातील कित्तूर येथे बसवले गेले. १९८६ साली सुरू झालेल्या अर्नेट या शैक्षणिक संगणकजाळ्याच्या आरंभीच्या आठ संस्थांमध्ये बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था होती. मुंबईच्या जुहू येथील एनसीएसटी ही सॉफ्टवेअर-संशोधन संस्था आणि पवईची आयआयटी याही त्यात होत्या. या जाळ्यातील पहिली संगणकीय टपाल-देवाणघेवाण साध्या दूरध्वनीवरून, मोडेम लावून, यूयूसीपी या पद्धतीने होत असे. या पद्धतीत एक संगणक ठरावीक वेळी दुसऱ्याला फोन लावतो, साठलेले टपाल उतरवून घेतो आणि फोन ठेवतो.

सामान्य वापरकर्त्यांपर्यंत मोडेम पोहोचण्यातही बंगळुरूचा वाटा मोठा आहे आणि त्यात मराठी वाचकांना जवळचा वाटावा असा एक दुवा आहे. बर्लिनमध्ये १९६२ साली जन्मलेले, बेळगावात वाढलेले आणि तेथीलच गोगटे इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतलेले अतुल चिटणीस यांनी बंगळुरूत सीआयएक्स नावाचा बुलेटिन बोर्ड चालवला. बुलेटिन बोर्ड म्हणजे एखाद्या संगणकाला मोडेम जोडून, इतरांनी त्याला फोन लावून संदेश आणि फाइली ठेवाव्यात वा घ्याव्यात अशी केलेली सोय होय. इंटरनेट येण्यापूर्वी मोडेम कसा बोलतो, कुठे अडतो आणि लाइन खराब असताना काय करावे याचे व्यावहारिक ज्ञान भारतात ज्या मोजक्या ठिकाणी साठत गेले, त्यांत अशा बुलेटिन बोर्डांची गणना करावी लागेल. पुढे ‘पीसीक्वेस्ट’ या मासिकाने १९९६ मध्ये अंकाबरोबर लिनक्सची सीडी वाटली, त्या उपक्रमामागेही चिटणीस होते. आणि २००१पासून ‘लिनक्स-बंगळुरू’ व २००५पासून ‘फॉस डॉट इन’ या नावांनी भरलेल्या परिषदांचे ते प्रमुख संयोजक होते. त्यांचे २०१३ मध्ये बंगळुरूत निधन झाले. मासिकाबरोबर सीडी देण्याचे महत्त्व आज सहजी ध्यानात येणार नाही, म्हणून एक हिशेब मांडणे योग्य ठरेल : ६५० मेगाबाइटांची एक सीडी सेकंदाला ३३,६०० बिट या वेगाने, लाइन एकदाही न तुटता उतरवायची म्हटली तरी सुमारे ४३ तास लागले असते.

विदेश संचार निगमाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. ती आधी चार महानगरांत आणि नंतर थोड्याच काळात पुणे व बंगळुरू येथे उपलब्ध झाली. खाती दोन प्रकारची होती. स्वस्त असलेल्या शेल खात्यात ग्राहकाचा संगणक निगमाच्या यंत्राचा केवळ पडदा आणि कळफलक होत असे व सर्व व्यवहार अक्षरांतच चालत असे. महाग असलेल्या टीसीपी/आयपी खात्यात ग्राहकाचा संगणक स्वतः इंटरनेटचा घटक बनत असे. शेल खात्यासाठी लिनक्सवर मिनिकॉम हा साधा प्रोग्राम पुरेसा होता आणि तेथे बिघडण्यासारखे फारसे काही नव्हते. १९९८ च्या अखेरीस खासगी कंपन्यांना सेवा देण्याची मुभा मिळाली, दर उतरले, दुसऱ्या प्रकारची खाती घरोघरी पोहोचली आणि बिघाडांची खरी गुंतागुंत तेथून सुरू झाली.

या गुंतागुंतीचा उलगडा करण्यासाठी जोडणीची साखळी आधी समजून घ्यावी लागते. संगणकातील माहिती शून्य आणि एक अशा खुणांची असते, तर दूरध्वनीची तार माणसाच्या आवाजासाठी, म्हणजे साधारण ३०० ते ३,४०० हर्ट्झ या पट्ट्यातील ध्वनीसाठी आखलेली असते. मोडेम या खुणांचे ध्वनीत आणि ध्वनीचे परत खुणांत रूपांतर करतो. संगणक आणि मोडेम यांच्यामध्ये सिरियल पोर्ट, म्हणजे एकामागून एक बिट पाठवणारे दार, असते. मोडेम आणि सेवादात्याच्या यंत्रणेमध्ये तांब्याची तार व एक्स्चेंज असते. आणि दोन्ही टोकांच्या संगणकांमध्ये पीपीपी हा करार असतो, ज्यानुसार कोण बोलत आहे, पासवर्ड काय आहे आणि इंटरनेटवरील पत्ता कोणता द्यायचा हे ठरते. सगळ्यात वर मार्ग आणि नावांची व्यवस्था येते. बिघाड यांपैकी कोणत्याही एका पायरीवर होऊ शकतो. मात्र पडद्यावर दिसणारा परिणाम, म्हणजे पान न उघडणे, प्रत्येक वेळी सारखाच असतो. म्हणून उपायाआधी पायरी निश्चित करणे हाच या विषयाचा गाभा आहे, आणि मुक्तस्रोत प्रणालीचे या बाबतीतले बलस्थान असे, की तिच्यात प्रत्येक पायरी आपापली साक्ष लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीवजा फाइलमध्ये, लिहून ठेवते. जेथे ही साक्ष मिळेनाशी झाली तेथेच लिनक्सवरील डायल-अप खऱ्या अर्थाने अडले, हे पुढील विवेचनातून दिसून येईल.

सर्वात खालची पायरी तारेची. बंगळुरूत, किंवा पुणे-मुंबईतही, घरापर्यंत येणारी तांब्याची जोडी एक्स्चेंजपासून रस्त्याकडेच्या पिलरपर्यंत, तेथून खांबावरील वा भिंतीवरील डीपी या वाटप-पेटीपर्यंत आणि तेथून घरातील पेटीपर्यंत जोडांमागून जोड घेत येते, आणि पावसाचे पाणी जोडांत शिरले की खरखर सुरू होते. बोलणाऱ्या माणसाला ही खरखर खपते, कारण अर्धे शब्द गाळूनही त्याला आशय कळतो. मोडेमला मात्र ती चुकलेल्या बिटांच्या रूपात मोजावी लागते. त्या काळातील जाणकारांची एक साधी चाचणी अशी होती की रिसीव्हर उचलून एकच अंक फिरवावा, म्हणजे डायल टोन थांबतो, आणि मग शांततेत कान द्यावा; त्या शांततेत चरचर ऐकू आली तर संगणकाकडे वळण्याऐवजी १९८ क्रमांकावर तक्रार नोंदवून लाइनमनची वाट पाहणे शहाणपणाचे. एकाच लाइनवर लावलेला दुसरा फोन कुणी उचलला, किंवा कॉल-वेटिंगचा टोन मध्येच वाजला, तरी जोडणी तुटते. दुसऱ्या कारणावर उपाय म्हणून मोडेममधील एस-१० या नोंदीत मोठा आकडा घालत, जेणेकरून वाहक ध्वनी क्षणभर हरवला तरी मोडेम लगेच फोन ठेवत नसे. एप्रिल-मेमधील वळवाच्या विजांचा त्रास वेगळाच होता. तारेवरून आलेल्या झटक्याने मोडेमचा तारेकडचा भाग जळे, पण संगणकाकडचा भाग शाबूत राही, त्यामुळे मोडेम संगणकाला नीट उत्तरे देई आणि तरीही दर वेळी ‘डायल टोन नाही’ असे सांगे. असे लक्षण दिसल्यावर प्रणालीत कितीही फेरफार केले तरी उपयोग नसे.

‘डायल टोन नाही’ हा संदेश सुस्थितीतील मोडेमकडूनही येई, आणि त्यामागचे कारण या विषयातील सर्वात बोधप्रद कारणांपैकी एक आहे. अमेरिकेत डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झच्या दोन स्वरांच्या मिश्रणाचा असतो, तर भारतात तो ४०० हर्ट्झच्या स्वरावर २५ हर्ट्झचा कंप चढवून तयार केलेला असतो. आयात केलेल्या अनेक मोडेमांना हा ध्वनी ओळखता येत नसे आणि तार जिवंत असूनही ते नंबर फिरवायलाच नकार देत. हेज या अमेरिकन कंपनीने १९८१ मध्ये बाजारात आणलेल्या स्मार्टमोडेमपासून मोडेमला आज्ञा देण्याची जी ‘एटी’ने सुरू होणारी भाषा रूढ झाली, तिच्यात एटीएक्स३ अशी आज्ञा आहे, तिचा अर्थ, टोनची वाट न पाहता नंबर फिरवावा. जोडणी सुरू करण्याच्या ओळीत ही चार अक्षरे घातली की अडलेले काम सुटत असे. जुन्या यांत्रिक एक्स्चेंजवर एटीडीटीऐवजी एटीडीपी, म्हणजे स्वरांऐवजी ठोक्यांनी नंबर फिरवण्याची आज्ञा, द्यावी लागे. डिजिटल एक्स्चेंज पसरले तशी तिची गरज संपली.

वेगाबाबत मोठा गैरसमज पसरला होता. १९९८ मध्ये प्रमाणित झालेली व्ही-९० ही पद्धत सेकंदाला ५६,००० बिटांचे आश्वासन देते, परंतु ते केवळ सेवादात्याकडून ग्राहकाकडे येणाऱ्या माहितीपुरते, आणि सेवादात्याचे टोक थेट डिजिटल असून वाटेत ध्वनीचे अंकांत रूपांतर एकदाच होत असेल तरच. नव्या वसाहतींत तारा कमी पडल्या की एकाच जोडीवर दोन ग्राहक बसवणारी यंत्रे लावली जात. त्यांत हे रूपांतर पुन्हा एकदा होई आणि व्ही-९० अशक्य होई. अशा लाइनवर मोडेम वरच्या वेगासाठी पुन्हा पुन्हा वाटाघाट करी, हरे आणि ‘नो कॅरिअर’ म्हणून थांबे. त्याला ‘एटी+एमएस’ या आज्ञेने व्ही-३४वरच, म्हणजे कमाल ३३,६०० बिटांवरच राहण्यास सांगितले तर जोडणी तासभर टिकत असे. वेग कमी करून जोडणी सुधारते, ही गोष्ट नव्या वापरकर्त्याला पटवणे कठीण जाई. त्यात भर म्हणजे अनेक मोडेम जोडणी झाल्यावर ‘कनेक्ट ११५२००’ असा आकडा दाखवत. तो तारेवरचा वेग नसून संगणक आणि मोडेम यांच्यातील सिरियल दाराचा वेग असे. हे दार तारेपेक्षा वेगवान ठेवणे आवश्यकच होते, कारण मोडेम माहिती दाबून पाठवत असल्याने उलगडलेली माहिती अधिक जागा घेई.

दुसरी पायरी या दाराची. लिनक्समध्ये सिरियल दारांना टीटीवाय-एस० ते टीटीवाय-एस३ अशी नावे असतात. विंडोजमधील कॉम-१ ते कॉम-४ हीच ती दारे, फक्त मोजणी शून्यापासून. विंडोजमध्ये कॉम-२वर असलेला मोडेम लिनक्समध्ये टीटीवाय-एस२वर शोधत बसणे हा त्या काळचा अगदी प्राथमिक आणि वारंवार घडणारा घोटाळा होता. पहिल्या आणि तिसऱ्या दाराला एकच व्यत्यय-क्रमांक, म्हणजे प्रोसेसरचे लक्ष वेधण्याची एकच घंटा, वाटून दिलेली असल्याने एका दारावर माउस आणि दुसऱ्यावर मोडेम असला तर दोन्ही अडत. बंगळुरूच्या एस. पी. रोडवर, म्हणजे सदर पत्रप्पा रस्त्यावरील संगणक-बाजारात, जुळवून मिळणाऱ्या संगणकांत असे संघर्ष हटकून असत, कारण निरनिराळ्या कंपन्यांची कार्डे एकत्र बसवून विंडोज सुरू झाले की यंत्र तयार मानले जाई. जुन्या संगणकांतील सिरियल चिप एका वेळी एकच बाइट धरून ठेवू शके, १६५५०-ए ही चिप सोळा. प्रोसेसरला जरा उशीर झाला की एका बाइटच्या चिपमधील अक्षरे सांडत आणि फाइल उतरवताना वेग अनाकलनीय रीतीने गडगडे. सेटसिरियल या आज्ञेने कोणती चिप आहे ते एका ओळीत कळे.

येथे मिनिकॉमचा उपयोग निर्णायक होता. मिनिकॉम उघडून ‘एटी’ टाइप करावे आणि एंटर दाबावे. ‘ओके’ असे उत्तर आले, तर संगणकापासून मोडेमपर्यंतचा रस्ता शाबूत आहे आणि दोष त्यापलीकडे आहे, हे तेवढ्यावरच सिद्ध होते. बाह्य मोडेम असल्यास त्याच्या पुढच्या बाजूचे दिवे हीच साक्ष डोळ्यांना देतात : अक्षर पाठवताना एसडी चमकतो, उत्तर येताना आरडी, फोन उचलल्यावर ओएच आणि पलीकडचा वाहक ध्वनी मिळाल्यावर सीडी. एसडी चमकला आणि आरडी अंधारात राहिला, तर मोडेम ऐकतो पण बोलत नाही. दोन्ही अंधारात राहिले, तर आज्ञा भलत्याच दारावर जात आहेत. उत्तर न येण्यामागे आणखी दोन क्षुल्लक कारणे असत. आधीचा प्रोग्राम अचानक बंद पडून त्याची कुलूप-फाइल तशीच राहिलेली असे. किंवा सामान्य वापरकर्त्याला दार उघडण्याची परवानगी नसे आणि त्याला डेबियन या लिनक्स-वितरणावर ‘डायलआउट’, तर रेड हॅट या वितरणावर ‘यूयूसीपी’ या गटात घालावे लागे. टपाल वाहणाऱ्या त्या जुन्या पद्धतीचे नाव परवानग्यांच्या यादीत असे टिकून राहिले होते.

आतापर्यंतचे सर्व बिघाड शोधता येण्याजोगे होते. विनमोडेमच्या बाबतीत ही शिस्तच मोडून पडली. खऱ्या मोडेममध्ये दोन भाग असतात : आज्ञा समजून घेणारा नियंत्रक आणि ध्वनीची गणिते करणारा सिग्नल प्रोसेसर. नव्वदीच्या दशकाच्या उत्तरार्धात उत्पादकांनी खर्च वाचवण्यासाठी आधी नियंत्रक आणि मग सिग्नल प्रोसेसरही कार्डावरून काढून टाकला आणि ती कामे विंडोजसाठी लिहिलेल्या ड्रायव्हरकडे, म्हणजे संगणकाच्या मुख्य प्रोसेसरकडे, सोपवली. अशा कार्डावर तारेशी जोडणारा मामुली भाग तेवढा उरतो. विनमोडेम हे मुळात यूएस रोबोटिक्स या कंपनीचे व्यापारचिन्ह, पण ते साऱ्या जातीचे नाव होऊन बसले. ल्युसेंट, रॉकवेल आणि तिच्यापासून १९९९ मध्ये वेगळी झालेली कोनेक्झंट, पीसीटेल, मोटोरोला, इंटेल, स्मार्टलिंक अशा अनेक कंपन्यांच्या चिपा या जातीच्या होत्या. कार्ड स्वस्त असल्याने जुळवलेल्या संगणकात तेच बसवले जाई. गोव्यात वेर्णा येथे बस्तान असलेल्या डी-लिंकसारख्या कंपन्यांचे बाह्य मोडेमही मिळत, पण त्यांना अधिक पैसे मोजावे लागत आणि विंडोज वापरणाऱ्याला तो खर्च करण्याचे कारण दिसत नसे.

असे कार्ड असलेल्या संगणकावर लिनक्स चढवले की मिनिकॉममध्ये ‘एटी’ला उत्तरच येत नसे, कारण उत्तर देणारा भाग कार्डावर नव्हताच. तेव्हा पहिला प्रश्न कार्ड कोणत्या जातीचे आहे हा असे. एलएसपीसीआय ही आज्ञा कार्डाची ओळख छापते; ती ‘सिरियल कंट्रोलर’ म्हणाली तर बहुधा खरा मोडेम, ‘कम्युनिकेशन कंट्रोलर’ म्हणाली तर बहुधा विनमोडेम, आणि ओळख-क्रमांकाच्या सुरुवातीला ११सी१ असेल तर ल्युसेंट, १४एफ१ असेल तर कोनेक्झंट. पुढची वाट चिपवर अवलंबून होती. ल्युसेंटच्या चिपसाठी मिळणाऱ्या ड्रायव्हरचा गाभा कंपनीने बंद स्वरूपात दिलेला आणि त्याभोवतीचे वेष्टन खुले होते. वेष्टन आपल्या कर्नलसाठी, म्हणजे प्रणालीच्या मूळ गाभ्यासाठी, स्वतः बांधून घ्यावे लागे. कर्नल एका कंपायलरने आणि मॉड्यूल, म्हणजे कर्नलमध्ये चढवायचा ड्रायव्हरचा तुकडा, दुसऱ्याने बांधले गेले, किंवा कर्नलची आवृत्ती एका अंकाने पुढे गेली, तर मॉड्यूल चढत नसे आणि कालपर्यंत चाललेले इंटरनेट सुरक्षेसाठी केलेल्या अद्ययावतीनंतर बंद पडे. स्मार्टलिंकच्या ड्रायव्हरचीही रचना अशीच मिश्र होती. काही चिपांसाठी काहीच नव्हते. आणि ड्रायव्हर मिळवायचा तर तो इंटरनेटवर होता, जेथे पोहोचण्यासाठी तोच ड्रायव्हर हवा होता. त्यामुळे शेजारच्या संगणकावरून फ्लॉपीवर, किंवा त्याच यंत्रातील विंडोजमध्ये जाऊन तो उतरवावा आणि मग लिनक्समध्ये परतावे, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे.

कोनेक्झंटच्या चिपांचे प्रकरण सर्वाधिक बोलके आहे. त्यांचे ड्रायव्हर लिनक्सअँट ही कंपनी पुरवीत असे. विनामूल्य मिळणारा ड्रायव्हर १४,४०० बिटांपुरता मर्यादित होता आणि पूर्ण वेगासाठी परवाना विकत घ्यावा लागे. बंद स्वरूपाचे मॉड्यूल चढवले की कर्नल स्वतःला ‘टेंटेड’, म्हणजे ज्याच्या दोषांची जबाबदारी विकासक घेऊ शकत नाहीत असा, घोषित करतो. त्यासाठी तो मॉड्यूलमध्ये लिहिलेले परवान्याचे नाव वाचतो. एप्रिल २००४ मध्ये असे उघडकीस आले की लिनक्सअँटच्या मॉड्यूलांनी परवान्याच्या ओळीत ‘जीपीएल’ या मुक्तस्रोत परवान्याच्या अक्षरांनंतर एक शून्य-अक्षर घातले होते आणि खरा मजकूर त्यापुढे लिहिला होता. सी भाषेत शून्य-अक्षर म्हणजे ओळीचा शेवट, म्हणून कर्नल तेवढेच वाचून मॉड्यूल खुले आहे असे समजे. ड्रायव्हर अनेक मॉड्यूलांत विभागलेला असल्याने तीच सूचना वारंवार छापली जाऊन ग्राहक गोंधळतात, असा खुलासा कंपनीने केला. ग्राहकाचा गोंधळ खरा असेलही, परंतु या युक्तीने जे झाकले गेले ते फार मोलाचे होते : बिघाड नेमका कोणत्या पायरीवर आहे हे सांगणारी साक्षच तिने खोटी पाडली. कर्नल कोसळल्याचा अहवाल वाचणाऱ्या विकासकाला, ज्याचा स्रोत त्याला कधीच पाहता येणार नाही असे काहीतरी आत चालू होते, हे कळण्याचा मार्ग उरला नाही.

तिसरी पायरी पीपीपीची आणि तिचे बिघाड वाचायला शिकले की ते सोपे आहेत. १९९४ मध्ये सध्याच्या रूपात प्रमाणित झालेला हा करार लिनक्सवर पीपीपीडी हा प्रोग्राम पाळतो, आणि त्याला ‘डीबग’ असा पर्याय दिला तर दोन्ही टोकांतील प्रत्येक निरोप तो लॉगमध्ये ‘सेंट’ आणि ‘रिसीव्ह्ड’ अशा खुणांसह उतरवतो. सगळ्या ओळी ‘सेंट’च्याच असतील आणि शेवटी एलसीपी टाइमआउट, म्हणजे उत्तराची मुदत संपल्याचा शेरा, आला, तर पलीकडचे यंत्र पीपीपी बोलायला लागलेलेच नाही. ‘लाइन लूप-बॅक झाली आहे’ असे छापले गेले, तर पलीकडचे यंत्र अजून लॉगिनची वाट पाहत आहे आणि आपली अक्षरे जशीच्या तशी परत फेकत आहे. येथे सेवादात्यांच्या पद्धतींतील फरक कळीचा ठरे : काही यंत्रे अक्षरांत नाव आणि पासवर्ड विचारत, काही जोडणी होताच थेट पीपीपी सुरू करून पीएपी किंवा सीएचएपी या पद्धतीने ओळख पटवत. डब्ल्यूव्ही-डायल हा प्रोग्राम समोरचा प्रश्न स्वतः ओळखण्याचा प्रयत्न करी आणि अनेकदा चुके. त्याच्या फाइलीत ‘स्टुपिड मोड’ चालू केला की तो काहीही न ओळखता सरळ पीपीपी सुरू करी आणि तेवढ्याने काम भागे. केडीई या चित्रमय पडदा-व्यवस्थेतील केपीपीपी हे साधन नवख्यांना आवडे, तरी तेही शेवटी पीपीपीडीलाच हाक मारी. पीपीपीडी बंद पडताना एक अंक मागे ठेवतो : ८ म्हणजे नंबर फिरवणारी स्क्रिप्टच फसली, १० म्हणजे वाटाघाट अपुरी राहिली, १६ म्हणजे मोडेमने फोन ठेवला, १९ म्हणजे ओळख पटली नाही. हे चार अंक ठाऊक असणाऱ्याचा निम्मा शोध तेथेच संपतो.

जोडणी झाली, पत्ता मिळाला, तरी पान उघडत नाही, ही शेवटची तक्रार बहुधा दोन कारणांनी येई. संगणकात नेटवर्क-कार्ड असेल आणि बाहेर जाणारा मुख्य मार्ग आधीच त्याच्या नावे लिहिलेला असेल, तर पीपीपीडी तो मार्ग बदलत नाही. तशी ओळ लॉगमध्ये लिहून पुढे जातो, आणि सर्व माहिती मोडेमऐवजी कुठेही न पोहोचणाऱ्या केबलमध्ये जाते. दुसरे कारण नावांचे : अंकांतील पत्त्याला पिंग, म्हणजे पोहोच तपासणारी हाक, पोहोचते पण नावाला पोहोचत नाही, म्हणजे नावांचे पत्ते सांगणाऱ्या सर्व्हरची नोंद चुकली आहे. ‘यूज-पीअर-डीएनएस’ हा पर्याय सेवादात्याकडून ती नोंद घेतो खरा, पण ती वेगळ्या फाइलीत लिहितो आणि ती फाइल मूळ जागी जोडलेली नसेल तर उपयोग होत नाही. २००१ मध्ये आलेल्या २.४ मालिकेच्या कर्नलबरोबर एक विचित्र दोषही आला. गर्दीची पूर्वसूचना देणारा ईसीएन हा पर्याय चालू करून बांधलेल्या कर्नलवर मोजकीच संकेतस्थळे उघडत नसत, कारण वाटेतील जुन्या फायरवॉलना त्या खुणा अनोळखी असल्याने त्या ते निरोप टाकून देत. हा पर्याय बंद करायला त्याच्या नोंदीत एक शून्य लिहिणे पुरे होते. पण दोष जगात दुसरीकडे कुठेतरी आहे हे उमगायला दिवस जात.

सायबर कॅफेंमध्ये हीच जोडणी अनेक संगणकांत वाटली जाई. ब्रिगेड रोडवर जुलै १९९६ मध्ये सुरू झालेल्या कॅफे कॉफी डेच्या पहिल्या दुकानात कॉफीबरोबर इंटरनेटही मिळत असे, आणि पुढे असे धंदे गल्लोगल्ली उभे राहिले. लिनक्सच्या एका यंत्रावर मोडेम लावून, त्याच्या एका पत्त्यामागे बाकीचे संगणक लपवण्याची मास्करेडिंगची सोय अशा ठिकाणी स्वस्तात मिळे. भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर या कंपनीतील अभियंते यांनी २००१ मध्ये बंगळुरूत मांडलेल्या सिंप्युटर या हातात मावणाऱ्या लिनक्स-संगणकातही दूरध्वनी-मोडेम अंतर्भूत होता, कारण खेड्यापर्यंत पोहोचलेली एकमेव वाट तीच होती.

या सर्व बिघाडांचा एकत्र विचार केल्यावर ‘लिनक्स अवघड आहे’ हा जुना निष्कर्ष टिकत नाही. तारेचे, टोनचे आणि पासवर्डचे दोष विंडोजवरही होतेच. फरक एवढाच, की तेथे ते एका क्रमांकाच्या मोघम संदेशामागे दडत आणि येथे प्रत्येक टप्प्यावर वाचता येत. लिनक्स खरोखर असहाय झाले ते हार्डवेअरने आपली भाषा गुप्त ठेवली तेव्हा. मात्र दुसऱ्या बाजूलाही तथ्य आहे : विकत घेतलेले यंत्र टाकून देऊन बाह्य मोडेम आणा, हा सल्ला तांत्रिकदृष्ट्या निर्दोष असला तरी शिकवण्यांच्या पैशातून जुळवलेला संगणक वापरणाऱ्या विद्यार्थ्याला तो परवडणारा नव्हता, आणि त्याच्यासाठी ल्युसेंटचे अर्धे खुले वेष्टन जपणाऱ्या स्वयंसेवकांचे काम फार मोठे होते. त्या कामाची दखल मुक्तस्रोताच्या इतिहासात पुरेशी घेतली गेलेली नाही.

ऑक्टोबर २००४ मधील ब्रॉडबँड धोरण आणि जानेवारी २००५ मध्ये भारत संचार निगमाने सुरू केलेली डेटावन सेवा यांनी शहरांतील डायल-अपचा शेवट जवळ आणला. तार तीच राहिली, पण ध्वनीचा पट्टा सोडून वरच्या कंपनसंख्या वापरात आल्या आणि घरातील यंत्र केबलने नेटवर्क-कार्डाला जोडले जाऊ लागले, त्यामुळे ड्रायव्हरचा प्रश्न राहिला नाही. काही वर्षांनी मोबाइल डोंगल आले आणि जुनी विद्या पुन्हा कामाला आली. डोंगल आधी आपण सीडी आहोत असे भासवतो, म्हणून यूएसबी-मोडस्विच त्याला मोडेमच्या रूपात आणतो. मग टीटीवाय-यूएसबी० हे दार तयार होते, त्यावर ‘एटी’ला ‘ओके’ असे उत्तर येते आणि डब्ल्यूव्ही-डायलच्या त्याच फाइलीत फोन नंबराच्या जागी जीएसएमसाठी *९९# किंवा सीडीएमएसाठी #७७७ लिहिले की पीपीपीचीच वाटाघाट सुरू होते. अमेरिकेत एओएलने आपली डायल-अप सेवा ३० सप्टेंबर २०२५ रोजी बंद केली, तरी सिरियल दारावरून पीपीपी चालवणारा भाग लिनक्सच्या कर्नलमध्ये कायम आहे. विसाएक वर्षांपूर्वीचा बाह्य मोडेम आजच्या लिनक्स-यंत्राला यूएसबी-सिरियल केबलने जोडला तर मिनिकॉममध्ये तो उत्तर देतो, २.४ मालिकेसाठी बांधलेले विनमोडेमचे बंद मॉड्यूल मात्र आजच्या कोणत्याही कर्नलमध्ये चढत नाही.